गोठलेल्या शेंड्याची उगवण

ही प्रस्तावना मी उमरठला बसून लिहितो आहे, आणि उमरठला बटाटा पिकत नाही. पावसाळ्यात इथली जमीन चार महिने पाण्याने डबडबलेली असते. त्यात लावलेला बटाटा डोळा फुटायच्या आत कुजेल. पाऊस सरल्यावर भाताच्या खाचरात ओलीवर वाल-पावटा होतो, पण बटाट्याला पोसायला लागते तशी लांबलचक थंडी कोकणाच्या या कोपऱ्याला मिळत नाही. आमच्याकडे बटाटा येतो तो गोणीतून. पोलादपूरच्या बाजारातून गावात, आणि त्या बाजारात घाटावरून. तरीही बटाट्याच्या गोठवलेल्या शेंड्यापासून पुन्हा झाड कसे उभे करतात, या विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात मला इथूनच करावीशी वाटली. हा विषय मी प्रयोगशाळेत शिकलो, पण मला तो पटला आमच्या परड्यात.

उमरठ हे नाव वाचकाच्या कानावर असते ते तानाजी मालुसऱ्यांमुळे. 1670 साली ते कोंढाण्यावर पडले. त्यांची आणि शेलारमामांची समाधी इथे आहे. माघात पुण्यतिथीला गावात गर्दी होते. येणारी माणसे समाधीला हात जोडतात, फोटो काढतात आणि उन्हे उतरायच्या आत घाटाला लागतात. घरांच्या मागे, आंब्या-फणसाच्या खोडावर चढलेले वेल त्यांना दिसत नाहीत, आणि दिसायचे कारणही नाही. माघात ते वेल वाळून दोरीसारखे झालेले असतात. जे काही असते ते जमिनीखाली: कोनफळ, कणगी, सुरण. करांद्याचे तेवढे वेगळे, तो वेलालाच लटकतो. तानाजींच्या काळी या गावच्या पंगतीत बटाटा असण्याचा संभव नाही. हे कंद मात्र असणार.

आमच्या परड्यात एक कणगी होती. तिला आजी ‘साखरची कणगी’ म्हणायची. गोड म्हणून नव्हे. साखर हे शेजारचे गाव, आणि तिथून आजीच्या सासूने तो कंद ओटीत बांधून आणला होता. दरवर्षी पौषात वेल वाळला की आजी काटे चुकवत खणायची, बोटाएवढे-मुठीएवढे कंद काढायची, मोठे महाशिवरात्रीच्या उपासाला उकडायची आणि चार-सहा राखेत घोळून टोपलीत मचाणावर टाकायची. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तेच कंद पुन्हा मातीत. मी एकदा विचारले होते, की आजी, हिचे बी कुठे असते? ती म्हणाली, “हिला बी नसतं रं. हीच हिचं बी.”

एवढे एक वाक्य नीट समजायला मला पुढे वनस्पतिशास्त्राची पदवी आणि ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढलेली वर्षे लागली.

योगायोगाने आमच्याकडे ‘कणगी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हा कंद. दुसरी धान्य साठवायची बांबूची, शेणाने सारवलेली कणगी. भात, नाचणी, वरी यांचे बी त्या दुसऱ्या कणगीत राहते. ते वाळवता येते, आणि वाळले की ते झोपते. आधुनिक बियाणेपेढी हेच करते, फक्त अधिक कसोशीने: बी पाच-सात टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचे, हवाबंद पाकिटात घालायचे आणि उणे 18 अंशांवर ठेवायचे. पुढची कित्येक दशके काळजी नाही. नॉर्वेच्या हद्दीत, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 2008 साली डोंगराच्या पोटात जी जागतिक बियाणे-तिजोरी उघडली, ती याच तत्त्वावर चालते. पण पहिल्या अर्थाची कणगी दुसऱ्या अर्थाच्या कणगीत राहत नाही. कंद वाळवला तर मरतो. तसाच ठेवला तर चार-सहा महिन्यांत फुटतो किंवा कुजतो. बटाट्याचे तेच, लसणाचे तेच, केळीचे आणि उसाचेही तेच.

बटाट्याला बी येते, हे शहरी वाचकाला बहुधा ठाऊक नसते. फुलानंतर कच्च्या टोमॅटोसारखे हिरवे, विषारी फळ धरते आणि त्यात शेकड्यांनी बिया असतात. अडचण अशी की आपण खातो त्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण 48. बी तयार होताना त्यांची अशी पिसणी होते की एका फळातल्या दोन बिया एकसारखी झाडे देत नाहीत. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1968 साली प्रसारित केलेला कुफरी ज्योती हा वाण मंचर-खेड पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे लावला. त्यांनी लावलेला प्रत्येक बटाटा म्हणजे मूळच्या एका रोपाचा तुकडा. त्याची मुले-नातवंडे नव्हेत, तेच रोप. एकच शरीर लाखो शेतांत वाटले गेले आहे, आणि ते टिकवायचे तर शरीरच टिकवावे लागते. आजीने हे चार शब्दांत सांगितले होते.

शरीर टिकवायचे म्हणजे त्याची दुखणीही टिकतात. बियाण्यातून बहुतेक विषाणू पुढे जात नाहीत. कंदातून जातात, आणि दरवर्षी त्यात भर पडते. ‘बेणं खराब झालं’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. आणि सगळीकडे एकच शरीर असले की एकच रोग सगळीकडे पुरतो. आयर्लंडमध्ये 1845 पासून करप्याने जे झाले ते शाळेच्या पुस्तकात असते. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. त्यामागे राजकारण होतेच, धान्य देशाबाहेर जातच होते. पण गरिबाच्या शेतात ‘लंपर’ नावाचा एकच वाण होता, हेही तितकेच खरे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात त्याच वेळी बटाट्याचे हजारो देशी वाण होते, जांभळे, काळे, वेडेवाकडे. युरोपात त्यांतले मूठभरच पोचले होते.

अँडीजचा उल्लेख आला म्हणून एक आडकथा. बटाटा गोठवण्याची कल्पना काही प्रयोगशाळेची नाही. त्या पर्वतावरचे लोक शेकडो वर्षे कडाक्याच्या रात्री बटाटा उघड्यावर पसरून गोठवत आले आहेत. दिवसा तो वितळला की पायांनी तुडवून पाणी काढायचे, पुन्हा गोठवायचा, मग उन्हात वाळवायचा. याला ते ‘चुन्यो’ म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे खायला टिकतो. पण चुन्यो पेरला तर उगवत नाही. त्यातला बटाटा मेलेला असतो, फक्त पीठ उरलेले असते. खाण्यासाठी गोठवणे आणि उगवण्यासाठी गोठवणे यांत जो फरक आहे, तोच या पुस्तकाचा विषय आहे.

आमच्या बाजूने बघायचे तर बटाट्याचा इतिहास डोक्यावरच आहे. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिशांनी चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला होता, आणि गिरिस्थानावरच्या साहेबांना भाजीपाला पुरवण्यात त्या कैद्यांचा हात होता. बटाटाही त्यांच्या बागांतून निघे. पुढे महाबळेश्वरी बटाट्याने पुण्या-मुंबईत नाव काढले. कैदी गेले, तुरुंग गेला, आणि तो बटाटाही गेला. त्याचे नाव जुन्या गॅझेटिअरच्या पानात आहे. बेणे कुठे आहे, हा प्रश्न मी महाबळेश्वरात विचारला तेव्हा लोकांनी मला स्ट्रॉबेरी दाखवली.

असा वाण जाऊ नये म्हणून काय करतात? पहिला उपाय शेताचा: दरवर्षी लावा, दरवर्षी काढा. लेनिनग्राडच्या वेढ्यात, 1941 च्या हिवाळ्यात, निकोलाय वाव्हिलोव्हच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बटाट्याचा संग्रह तळघरात ठेवून, मिळेल ते लाकूड जाळून थंडीपासून वाचवला आणि स्वतः उपासमार सोसूनही त्यातला एक बटाटा खाल्ला नाही. खुद्द वाव्हिलोव्ह त्या वेळी स्टालिनच्या कैदेत होते आणि 1943 साली सारातोव्हच्या तुरुंगात मेले. ही गोष्ट थोर आहे. पण दरवर्षी थोरवी लागावी अशी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

दुसरा उपाय काचेच्या नळीचा. शेंड्याचा निर्जंतुक केलेला तुकडा अगरच्या लगद्यावर ठेवला की नळीतच बोटभर रोप वाढते. त्याला थंड खोलीत ठेवायचे, लगद्यात मॅनिटॉल नावाचे साखरेसारखे द्रव्य घालून त्याची वाढ मंदावायची, आणि वर्षा-दोन वर्षांनी तुकडे करून नव्या नळ्यांत बदलायचे. पेरूमधल्या लिमा शहरात 1971 साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र, आपले सिमला, दिल्लीचे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो, सगळीकडे असे रॅकच्या रॅक आहेत. काम चांगले चालते, पण संपत नाही. हजारो नळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठी लावणारा माणूस दुपारी अडीच वाजता पेंगणारा. एक चिठ्ठी चुकली की त्या वाणाचे नाव कायमचे दुसऱ्याला लागते.

तिसरा उपाय म्हणजे वेळच थांबवणे. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश असते. तिथे पेशीतली कुठलीही रासायनिक क्रिया चालत नाही, म्हणजे वयही वाढत नाही. हे ऐकून गावचा माणूस दचकेल असे मला वाटायचे. तो दचकत नाही. गाय माजावर आली की डॉक्टर मोटारसायकलला जो ॲल्युमिनियमचा कॅन लावून येतो, झाकण उघडताच ज्यातून पांढरा धूर सांडतो, त्यात हेच असते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने काड्यांत भरून गोठवलेल्या रेतमात्रा खेडोपाडी पोचवल्या, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. “म्हणजे बटाट्याची काडी भरून ठेवायची म्हणा की!” असे एका गोठेवाल्याने मला ऐकवले. माझ्या दहा व्याख्यानांत हे इतके सोपे झाले नव्हते.

पण काडी भरणे बटाट्याच्या बाबतीत सोपे नाही, कारण झाडाच्या पेशीत पाणी फार. ते गोठले की बर्फाचे स्फटिक होतात, स्फटिकांना धार असते आणि ते पेशीची पटले आतून फाडतात. घरच्या फ्रीजरमध्ये चुकून राहिलेला बटाटा बाहेर काढल्यावर काळपट आणि पिचपिचीत होतो तो यामुळेच. तेव्हा पाणी गोठू द्यायचे, पण बर्फ होऊ द्यायचा नाही. हे कोडे वाटेल, पण हलवायाच्या दुकानात त्याचे उत्तर रोज तयार होते. साखरेचा पाक संथपणे निवू दिला तर खडीसाखर होते, ती स्फटिकांची. तोच पाक घट्ट करून झटकन निववला तर लिमलेटची गोळी होते, पारदर्शक, काचेसारखी, आत एकही स्फटिक नसलेली. शेंड्यातल्या पाण्याची खडीसाखर न करता लिमलेट करायची, एवढेच हे तंत्र.

त्यासाठी नळीतल्या रोपाचा शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली कापतात, दीड-दोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. बाहेरची पाने सोलून आत दोन-चार पानांचे अंकुर आणि त्यांच्या मधोमध जो घुमट असतो तो ठेवायचा. त्या घुमटातल्या पेशी लहान, दाट, कमी पाण्याच्या असतात, म्हणून जगण्याची आशा त्यांच्याकडूनच. त्यांना आधी साखरेच्या पाण्यात मुरवतात. मग एका तीव्र द्रावणात टाकतात. ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड आणि साखर यांचे हे मिश्रण जपानमधल्या अकिरा साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली प्रसिद्ध केले. इथिलीन ग्लायकॉल म्हणजे मोटारीच्या कूलंटमध्ये असते ते. हे द्रावण पेशीतले पाणी बाहेर खेचते आणि स्वतः आत शिरते. ते विषारीही आहे. बर्फावर ठेवून पाऊण तासाच्या आसपास हे आटोपावे लागते. कमी वेळ दिला तर बर्फ मारतो, जास्त दिला तर औषध मारते. शेवटी ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या पट्टीवर द्रावणाचे थेंब, प्रत्येक थेंबात एक शेंडा, आणि पट्टी सरळ द्रव नायट्रोजनमध्ये. चर्र असा आवाज होतो, तव्यावर पाणी पडल्यासारखा. मग शांत.

या विषयावरच्या लोकप्रिय लेखांत गोष्ट इथे संपते. टाक्यांचे फोटो, पांढरा धूर, हातमोजे घातलेला माणूस. मला वाटते, गोष्ट इथे सुरूही झालेली नसते. गोठवणे कुणालाही जमेल. मेलेला शेंडाही उणे 196 अंशांवर तितकाच शांत पडून राहतो. कोण जिवंत आहे हे टाकीला कळत नाही, ते फक्त उगवून बघितल्यावर कळते. म्हणून कुठल्याही शहाण्या जनुकपेढीत प्रत्येक वाणाचे काही शेंडे लगेच बाहेर काढून उगवून पाहतात, आणि शंभरातले निदान तीसेक उभे राहिले तरच उरलेल्यांना टाकीत जागा मिळते. या पुस्तकाची अर्धी पाने उगवणीवर आहेत ती याच कारणाने.

उगवण अशी होते. पट्टी नायट्रोजनमधून उचलायची आणि क्षणाचा विलंब न लावता खोलीच्या उष्णतेला असलेल्या दाट साखरपाण्यात बुडवायची. हळूहळू वितळवले तर वाटेत बर्फ धरतो, जाताना चुकवलेला मृत्यू येताना गाठतो. वीस मिनिटांत द्रावण धुऊन निघते. मग शेंडा लगद्यावर, आणि पहिले काही दिवस अंधारात, कारण जखमी पेशीला उजेडही सोसत नाही. लगद्यात वाढीची संप्रेरके, जिबरेलिक आम्ल, झिॲटिन, फार मोजून. पहिल्या आठवड्यात जे दिसते ते बघून नवशिक्या रडकुंडीला येतो. शेंडा पांढरा पडतो, कडेची पाने तपकिरी होतात. ती खरोखरच मेलेली असतात. मधल्या घुमटातल्या मूठभर पेशी तेवढ्या जिवंत असतात, आणि त्यांना कुठलीही घाई नसते. दहाव्या-बाराव्या दिवशी तपकिरी चिंधीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका दिसतो. दिसला असे वाटते, पुन्हा शंका येते, भिंग बदलून बघितले जाते. महिना-दीड महिन्यात तो ठिपका पानांचे रोप होतो.

इथे एक सापळा असतो. कधी कधी जखमेतून पेशींचा नुसताच गोळा फुगतो आणि त्या गोळ्यातून कोंब येतात. दिसायला छान, पण गोळ्यातून आलेल्या झाडात बारीकसारीक आनुवंशिक बदल शिरलेले असू शकतात. वाण जपायला बसलो आणि दुसराच वाण तयार केला, असे व्हायला नको. म्हणून रोप शेंड्यातूनच सरळ वाढलेले हवे, आणि शंका आली तर डीएनएच्या खुणा मूळ वाणाशी ताडून बघायच्या.

माझी स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. एका प्रयोगशाळेत, नाव सांगत नाही, टाकीतला नायट्रोजन मोजण्याचे काम माझ्याकडे होते. नायट्रोजन सतत उडून जात असतो. आठवड्यातून एकदा लाकडी पट्टी बुडवायची, पांढरे कुठवर धरले ते बघायचे, कमी असेल तर भरायचे. वीज गेली तरी टाकीला काही होत नाही, हा तिचा मोठा गुण. पण माणूस गेला तर होते. दिवाळीच्या सुट्टीत मी ‘आल्यावर बघू’ म्हटले. आल्यावर पट्टी कोरडी निघाली. आतले शेंडे होते तसेच दिसत होते. मी त्यांतले साठ उगवायला घातले. तीन महिने मी ते साठ तपकिरी ठिपके रोज पाहिले. एकही हिरवा झाला नाही. कागदोपत्री ते वाण ‘जतन केलेले’ होते.

तेव्हापासून ‘अमुक इतके वाण सुरक्षित’ असा आकडा कुणी सांगितला की मी विचारतो, शेवटचे उगवून कधी पाहिले?

भारतीय वाचकाने अभिमान बाळगावा असे या विषयात काही आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. बटाट्याचे फुटवे आणि कळ्या उणे 196 अंशांपर्यंत गोठवून त्यांतून पुन्हा कोंब मिळवल्याचे पहिले काम वाय. पी. एस. बजाज या भारतीय शास्त्रज्ञाने 1977 साली प्रसिद्ध केले. दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची. 1990 साली फ्रान्समध्ये फाब्र आणि देरदर या दोघांनी बटाट्याच्या एका जातीसाठी निराळी युक्ती काढली: शेंडा अल्जिनेटच्या, म्हणजे साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या मण्यात बंद करायचा, मणी साखरेत भिजवून हवेवर सुकवायचा आणि मग गोठवायचा. सहा वर्षांनी, 1996 साली, दिल्लीच्या राष्ट्रीय ब्युरोतल्या मंडल, चंडेल आणि द्विवेदी यांनी हीच युक्ती कोनफळाच्या कुळावर चालवली आणि गोठलेल्या शेंड्यांतून झाडे उभी केली. तो शोधनिबंध मी हातात घेतला तेव्हा त्यातले लॅटिन नाव वाचून दोन मिनिटे थांबलो. डायोस्कोरिया अलाटा. म्हणजे आमच्या परड्यातले, कापल्यावर जांभळे निघणारे कोनफळ. बटाट्याने शिकवलेली विद्या उमरठच्या वेलापर्यंत पोचू शकते, हे त्या दिवशी कळले.

पोचू शकते, पोचलेली आहे असे नाही. बटाट्याच्या मागे जग उभे आहे. लिमात त्याचे हजारो वाण द्रव नायट्रोजनमध्ये आहेत, जर्मनीतल्या गाटर्सलेबेनला आहेत. केळीचा असाच मोठा संग्रह बेल्जियममधल्या ल्युव्हेनला आहे. आमच्या कणगीमागे बाजार नाही. उपासाच्या दिवसांत महाडच्या बाजारात पाटीभर कंद घेऊन बसणाऱ्या दोन-चार बायका, एवढाच तिचा व्यापार. आणि तिचे वैरी पुष्कळ. रानडुक्कर एका रात्रीत परडे उकरून जाते. साळिंदर उरलेले संपवते. गाव मुंबईला, सुरतेला, पुण्याला गेलेले, घराला कुलूप, मग अक्षय्य तृतीयेला कंद लावणार कोण? त्यात डोंगराचा भरवसा राहिलेला नाही. जुलै 2021 च्या त्या पावसात महाड तालुक्यात तळीये आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी इथे दरडी आल्या. गेलेल्या माणसांपुढे वेलांचे नाव काढू नये हे मला कळते. तरी अशा मातीखाली घरांबरोबर परडीही जातात, आणि परड्यात जे एकाच ठिकाणी होते ते दुसऱ्या कुठून आणता येत नाही.

आमची साखरची कणगी दरडीने गेली नाही. ती कुलपाने गेली. आजी वारल्यावर घर सात वर्षे बंद होते. मी पुण्यात दुसऱ्यांचे बटाटे गोठवत होतो. परत आलो तेव्हा परड्यात डुकरांचे खड्डे होते आणि टाकळा माजला होता. मी मनातल्या मनात तिच्यावर काट मारली. पुढच्या शिमग्यात महाड तालुक्यात दिलेल्या आत्याकडे गेलो, तर पानात उकडलेली कणगी. आत्या म्हणाली, “आईनं लग्नात दिलेली. तुला नको होती का इतकी वर्षं?” जनुकपेढीच्या भाषेत याला सुरक्षा-प्रत म्हणतात: संग्रहाची एक जोडी दूर, दुसऱ्या संस्थेत ठेवायची. आजीने ती लेकीच्या ओटीत ठेवली होती.

यावरून कुणी म्हणेल की मग नायट्रोजनच्या टाक्या हव्यात कशाला, आत्या आहेत की. मी तसे म्हणणार नाही. माझ्या आत्याचे वय आज ब्याऐंशी आहे, आणि तिची सून ठाण्याला असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी जे देशी बियाणे घरात जमवले, त्याचा पद्मश्री देऊन गौरव झाला तो योग्यच. पण त्यांच्या मडक्यांतले बहुतेक धन वाळणारे आहे. न वाळणाऱ्या धनाला टाकीही लागते आणि परडेही. टाकी चव सांगत नाही. कडू करांद्याचे काप राखेच्या पाण्यात किती वेळा उकळायचे, कोणत्या कोनफळाची भाजी चांगली आणि कोणते नुसते उकडून खावे, हे फॉइलच्या पट्टीवर मावत नाही. उलट बाजूने, ज्यांना हे सगळे येते त्या बायकांपैकी एकीलाही आपला वेल पुढची पन्नास वर्षे राहील याची हमी देता येत नाही.

मालकीचा प्रश्नही आहे. गावचा कंद दिल्लीच्या टाकीत गेल्यावर तो कुणाचा? 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. 2022 साली राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला मंजुरी दिली. कागद आहेत. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत मात्र ‘कंदमुळे: आहेत’ एवढीच ओळ कैक ठिकाणी असते. ‘आहेत’ या शब्दाने काही उगवत नाही. कोणाच्या परड्यात, कोणत्या नावाने, कोणी कुठून आणलेले, कधी लावतात, हे लिहिले तर एखाद्या प्रयोगशाळेला शेंडा मागायला दार तरी सापडेल.

पुढची प्रकरणे बटाट्याची आहेत, कारण रीत त्याच्यावरच पक्की झाली आहे. कृती, प्रमाणे, फसलेले प्रयोग सगळे दिले आहेत. फसलेले जरा जास्तच. ज्यांना प्रयोगशाळेशी कर्तव्य नाही त्यांनी तिसरे आणि चौथे प्रकरण खुशाल सोडून द्यावे. पण ज्यांच्या परड्यात असा एखादा वेल आहे, त्यांनी येत्या अक्षय्य तृतीयेला एवढे करावे: दोन कंद स्वतःकडे लावावे, एक लांबच्या गावी दिलेल्या लेकीला द्यावा, आणि ग्रामपंचायतीत जाऊन त्या वेलाचे घरात चालत आलेले नाव नोंदवहीत लिहून घ्यावे. लिहिणाऱ्याने ‘कणगी’ एवढेच लिहिले तर ‘साखरची’ हा शब्दही लिहायला लावावा.

उमरठ, ता. पोलादपूर